पावती

गेल्या जुलैमध्ये धाकट्या भावासोबत डॅन्यूब नदीच्या काठाने सायकलप्रवास करण्याचा योग आला. बेत जर्मनीत नोकरीस असलेल्या पुतण्याचा. जर्मनीतील पासाऊ येथे इन आणि इल्झ या नद्या डॅन्यूबला मिळतात. तेथून ऑस्ट्रिया ओलांडून स्लोव्हाकियातील ब्रातिस्लाव्हापर्यंत सुमारे ४०० किलोमीटर. अटलांटिक महासागरापासून काळ्या समुद्रापर्यंत १० देशांतून जाणाऱ्या 'युरोवेलो ६' या मार्गाचा हा एक भाग. पूर्वी घोडे प्रवाहाविरुद्ध नावा ओढीत, त्या वाटेवरूनच हा रस्ता बऱ्याच ठिकाणी जातो. चढ फारसे नाहीत, त्यामुळे साठी उलटलेल्यांनाही दिवसाला ५० किलोमीटर झेपतात.

आम्ही दोघे मात्र फारसे बोलत नव्हतो. वडिलांच्या पश्चात दुकानाची वाटणी झाली, तेव्हा मी बँकेतल्या सवयीने प्रत्येक रकमेची पावती मागितली होती. वीस वर्षे एकट्याने दुकान सांभाळलेल्या भावाने एकेक कागद निमूटपणे पुढे ठेवला. हिशेबात एका रुपयाचीही तफावत निघाली नाही. पण त्या दिवसापासून आमचे बोलणे कामापुरते उरले.

मेल्कच्या भव्य मठानंतर वाखाऊचे खोरे लागते. दोन्ही बाजूंना द्राक्षमळे आणि जर्दाळूच्या बागा. एका बागेपाशी फळांच्या टोपल्या मांडल्या होत्या. शेजारी भावाची पाटी आणि पैशांची पेटी. विकणारा कोणीच नव्हता. भावाने नाणी टाकली, टोपली उचलली. मी सवयीने नाणी मोजली का, असे विचारले. तो शांतपणे म्हणाला, "अण्णा, इथं कोणी पावती मागत नाही."

मला उत्तर सुचले नाही. पुढचे १५ किलोमीटर मी त्याच्या मागे चालवीत राहिलो.

तेथे जुलैत सूर्य नऊच्या सुमारास मावळतो, त्यामुळे सूर्यास्तापूर्वीच्या भोजनाची अडचण नव्हती. क्रेम्सला नदीकाठी बसून घरच्या दशम्या, चटणी आणि तीच जर्दाळू खाताना मी म्हणालो, "तेव्हा माझं चुकलं. मला क्षमा कर." क्षमावाणीला दरवर्षी गावभर क्षमा मागत हिंडणारा मी, ज्याच्याकडे मागायला हवी होती, त्याच्या दारी मात्र कधी गेलो नव्हतो. तो बराच वेळ नदीकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "उद्या टायरमध्ये हवा भरून घ्यायला हवी, अण्णा. तुमचं मागचं चाक बसलंय."

चौथ्या दिवशी ऑस्ट्रियाची सीमा ओलांडून आम्ही स्लोव्हाकियात शिरलो. कोणी अडवले नाही, कागद मागितले नाहीत. भाऊ पुढे होता. वळणावर थांबून तो माझी वाट पाहत होता.