दुरुस्तीतला दोष

जुन्या वस्तूचा जीर्णोद्धार करताना आपण एक गोष्ट गृहीत धरून चालतो. जुने ते झिजलेले, म्हणून संशयास्पद. नवे ते निर्दोष, म्हणून विश्वासार्ह. पाठचिकित्सेशी थोडाफार संबंध आलेल्या माणसाला हे गृहीतक किती फसवे आहे याची कल्पना असते. हस्तलिखितात अपपाठ शिरतो तो दर वेळी अडाणी नकलकारामुळेच असे नाही. पुष्कळदा तो शहाण्या नकलकारामुळे शिरतो. न कळलेल्या शब्दाच्या जागी तो कळणारा शब्द घालतो, आणि हा नवा पाठ इतका सुबोध असतो की त्याच्यावर कोणाचा संशयच जात नाही. वर्गात वर्षानुवर्षे सांगितलेली ही गोष्ट एका मोटारीच्या इंजिनात घडताना मी पाहिली, ती 2024च्या मे महिन्यात, कॉव्हेंट्रीला माझ्या थोरल्या भावाकडे गेले असताना.

दादाकडे 1969 सालची एमजीबी आहे. दोन माणसांची, उघड्या टपाची ही ब्रिटिश स्पोर्ट्स कार 1962 ते 1980 या काळात ॲबिंग्डनच्या कारखान्यात तयार होत होती. तिचे 1798 सीसीचे इंजिन ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या 'बी सिरीज' घराण्यातले. आपल्या ॲम्बॅसेडरमधले 1489 सीसीचे इंजिन याच घराण्यातले, हे दादाने सांगितले तेव्हा त्या परक्या गाडीशी एकदम नाते जुळल्यासारखे वाटले. तिच्या एसयू बनावटीच्या दोन कार्बोरेटरांचे एकुलते भावंडही आपल्याकडच्या गॅरेजवाल्यांच्या हाताखालून वर्षानुवर्षे गेलेले आहे.

मी पोहोचले तेव्हा गाडी दिसायला देखणी झाली होती, पण चालत नव्हती. म्हणजे चालायची, पंधरा-वीस मिनिटे अगदी उत्तम. मग इंजिन अडखळू लागे, आचके देई आणि बंद पडे. अर्धा तास थांबले की काहीच न घडल्यासारखे पुन्हा सुरू होई. दादाने हिवाळ्यात तिचे प्लग, पॉइंट, कंडेन्सर, कॉइल, तारा, पेट्रोलचा पंप असे सगळे बदलले होते, कार्बोरेटर खोलून नवे सुटे भाग घातले होते. इतके नवे घातल्यावर बिघाड उरावा कुठे?

इथे थोडे घरचे सांगायला हवे. दादाने तीस वर्षे मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात काढली. तो कारखाना आदल्या वर्षी बंद झाला. आजच्या गाडीला संगणक जोडला की दोषाचा क्रमांक पडद्यावर उमटतो; कान लावून, वास घेऊन, प्लगचा रंग पाहून इंजिन ओळखणाऱ्या माणसाची आता कोणाला गरज आहे, असे तो हसत म्हणे, पण ते हसणे खरे नव्हते. वहिनी थकली होती. "किती दिवस हे गॅरेजमध्ये बसणं? विकून टाक," ती म्हणाली. एक गिऱ्हाईक येऊनही गेले होते. त्याला गाडी हवी होती ती मूळ इंजिन काढून आधुनिक इंजिन बसवण्यासाठी. दादाने नकार दिला नव्हता. महिनाअखेरीस कळवतो, एवढेच सांगितले होते.

निदाने सांगणारे पुष्कळ होते. शेजारच्या म्हाताऱ्या मेकॅनिकचे मत, दोष पेट्रोलचा. ब्रिटनमध्ये सप्टेंबर 2021 पासून साध्या पेट्रोलमध्ये दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते; उष्णतेने त्याची नळीतच वाफ होते आणि इंजिन उपाशी राहते. मत तर्कशुद्ध होते. तापल्यावरच बंद पडणे आणि निवल्यावर सुरू होणे, दोन्हींचा उलगडा त्यात होत होता. अवघड एवढेच की आणखी तीन कारणांनीही तो होत होता.

दादाने एक वही केली. तारीख, हवामान, काय बदलले, काय झाले. नियम एकच: एका वेळी एकच बदल. आम्ही गाडी घेऊन निघायचो आणि ती बंद पडेल तिथे रस्त्याच्या कडेला तपास सुरू व्हायचा. या गाडीचा विजेवरचा पंप मागच्या चाकाजवळ असतो. किल्ली फिरवली की तो टकटक करतो आणि कार्बोरेटरच्या वाट्या भरल्या की गप्प होतो. तो चार ठोके देऊन गप्प झाला, म्हणजे वाट्या भरलेल्या होत्या. टाकीचे झाकण उघडले. आत हवा ओढली गेल्याचा आवाज आला नाही, तेव्हा टाकीत निर्वात पोकळी झाल्याची शंकाही गेली. मग दादाने प्लग काढला. तो काळा होता आणि पेट्रोलने ओला होता. "इंजिन उपाशी नाही. ताट वाढलेलंय, पण चूल पेटत नाहीये," तो म्हणाला. म्हाताऱ्याचे निदान त्या एका ओल्या प्लगने बाद झाले. प्लगची तार इंजिनाच्या धातूजवळ धरून पाहिली, तर निळी, टणक ठिणगी पडायच्या ऐवजी एक पिवळट, केविलवाणी रेघ उमटली.

दुसऱ्या दिवशी जुनी कॉइल लावून पाहिली. फरक नाही. मग डिस्ट्रिब्युटरचे झाकण उघडले. जेमतेम दोनशे मैल चाललेले पॉइंट जळून निळसर झाले होते, त्यांवर खड्डे पडले होते. दादा बराच वेळ ते भिंगाखाली पाहत राहिला. पॉइंट उघडतात त्या क्षणी कॉइलमधला प्रवाह तुटतो आणि त्या बारीकशा फटीतून उडी मारू पाहतो. कंडेन्सर त्याला क्षणभर स्वतःत सामावून घेतो. त्यामुळे प्रवाह झटक्यात तुटतो आणि खरी ठिणगी पडते ती प्लगपाशी. कंडेन्सर निकामी झाला की ठिणगी नको तिथे पडते आणि हवी तिथे क्षीण होते. आतले विद्युतरोधन कच्चे असेल तर तो थंड असताना काम करतो आणि तापल्यावर दगा देतो.

बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात जुना कंडेन्सर होता, किती वर्षांचा कोण जाणे. दादाने तोच बसवला, पॉइंट घासून नीट केले. त्या दिवशी आम्ही पन्नास मिनिटे न थांबता फिरलो. दोष झिजलेल्या भागात नव्हता. दुरुस्तीबरोबर आला होता आणि चकचकीत होता म्हणून सर्वांच्या नजरेतून सुटला होता.

संध्याकाळी दादाने वहीत जे घडले तेवढेच लिहिले. मग दुकानदाराला नाही, त्या गिऱ्हाइकाला फोन लावला.

परतीच्या विमानात मला ज्ञानेश्वरी आठवत होती. नाथांनी शके 1506 मध्ये, म्हणजे 1584 साली, तिची प्रत शुद्ध केली आणि पुढे कोणी तीत आपल्या ओव्या मिसळू नयेत म्हणून शेवटी बजावलेही. भर घालणारे बहुतेक भाविकच असणार, ग्रंथ बिघडवण्याची इच्छा त्यांपैकी कोणाची असेल असे वाटत नाही. राजवाड्यांनी 1909 साली आपल्याला सापडलेली प्रत नाथपूर्व म्हणून छापली, तेव्हा त्यांचा सगळा खटाटोप होता तो शुद्धीकरणाच्याही आधीचा थर गाठण्याचा. शुद्धीकरणालाही तपासणी चुकत नाही. वहीची, ओल्या प्लगची, एका वेळी एकाच बदलाची शिस्त दोन्हीकडे सारखीच लागते. अवघड पाठ अधिक ग्राह्य, हे संपादनाचे सूत्र आपण पाठ करतो; पण ते हाताला लागते ते कोणीतरी आपल्यासमोर नव्या भागावर बोट ठेवतो तेव्हा.

जूनमध्ये एमएच्या वर्गाला मी एका अभंगाचे दोन पाठ दिले, कोणता कुठला हे न सांगता. जवळजवळ सर्वांनी सुबोध पाठच मूळ ठरवला. का, असे विचारल्यावर वर्ग गप्प झाला. मग एका मुलीने वही उघडली आणि दोन्ही पाठांतला एकेक शब्द समोरासमोर मांडायला सुरुवात केली.