बेटावरची वळणे

आपण बेटावर राहतो, ही गोष्ट मला वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी कळली. आणि तीही जेवता जेवता, आईकडून.

तसा आमच्या घरी बेटाचा विषय बरेच महिने चालला होता. गेल्या वर्षी कन्या बारावीचा घाट चढून सुखरूप पलीकडे उतरली, आणि त्या आनंदाच्या भरात मी तिला दिवाळीच्या सुट्टीत मॉरिशसला न्यायचे कबूल करून बसलो. मराठीच्या प्राध्यापकाने कबूल करावी अशी ही गोष्ट नव्हे. पण शब्द तोंडातून गेला होता. तिने लगेच तिथल्या एका रस्त्याचे चित्र कपाटाच्या दारावर चिकटवले. मॉरिशसच्या नैऋत्येला माकोंदे म्हणून एक ठिकाण आहे. तिथे डोंगराचा कडा सरळ समुद्रापर्यंत येतो आणि रस्ता त्याला वळसा घालून पाण्याच्या अगदी कडेने जातो. “बाबा, या वळणावर गाडी तुम्ही चालवायची,” असे तिने मला बजावून ठेवले होते. एकोणिसाव्या शतकात आपल्या कोकणातली माणसे मजूर म्हणून त्या बेटावर उसाच्या मळ्यांत गेली आणि त्यांचे वंशज अजून तिथे गणेशोत्सव करतात, एवढे ज्ञान मीही तेवढ्यात मिळवले. वरातीच्या आधी घोड्याला चारा घालावा, तसे.

पण श्रावणातल्या एका रात्री दीड वाजता आईच्या छातीत दुखू लागले. खाली गाडी उभी होती, रस्ता मोकळा होता. मुलुंडात आमच्या घरापासून इस्पितळ दहा मिनिटांवर. “अर्ध्या तासाने आला असतात तर काही सांगता आले नसते,” असे डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशी सांगितले. आई वाचली. मॉरिशसचे पैसे इस्पितळाच्या बिलात गेले. त्याबद्दल घरात कोणी अवाक्षर काढले नाही. पण कपाटावरचे चित्र एक दिवस गुपचूप नाहीसे झाले, आणि ते माझ्या जितके लक्षात आले, तितकेच आईच्याही.

डिसेंबरातल्या एका रात्री ती ताटावरून म्हणाली, “अरे, बेट बघायला विमान कशाला लागतं? आपण बेटावरच राहतो की!”

आई महानगरपालिकेच्या शाळेत शिक्षिका होती. चौथीच्या मुलांना जिल्ह्याचा भूगोल शिकवण्यात तिचा जन्म गेला. तिने आमटीच्या वाटीभोवती बोट फिरवले. “ही आपली साष्टी. उत्तरेला वसईची खाडी आणि उल्हास नदी, पूर्वेला ठाण्याची खाडी, दक्षिणेला माहीमची, पश्चिमेला अरबी समुद्र. सासष्ट गावं, म्हणून साष्टी. मुलुंड, घाटकोपर, अंधेरी, बोरिवली, सगळी बेटावरच! १८४५ साली जमशेटजी जीजीभाईंच्या बायकोनं पैसे दिले आणि माहीमच्या खाडीवर रस्ता झाला. १८५३ साली आगगाडी आली. तेव्हापासून लोक पाणी विसरले.”

मी मनाशी हिशेब केला. साऱ्या मॉरिशसची वस्ती तेरा लाखांच्या आत. २०११ च्या जनगणनेत एकट्या मुंबई उपनगर जिल्ह्याची वस्ती ९३ लाखांवर. एवढी माणसे एका बेटावर राहतात आणि तसे कोणाच्या ध्यानीमनी नाही! ‘पाणी’ म्हटले की आम्हांला नळाची वेळ आठवते.

“मग समुद्रकाठचा वळणांचा रस्ता?” कन्येने अविश्वासाने विचारले.

“मालाडहून मढला जा,” आई म्हणाली. “आणि मलाही न्या.”

रविवारी सकाळी आम्ही चौघे निघालो. आमची गाडी बारा वर्षांची, दुसऱ्याच्या हातून आलेली. चढावर ती माझ्यासारखीच थोडी खोकते. आमची ही पाण्याच्या बाटल्या आणि औषधांची पिशवी घेऊन मागे बसली. आई पुढे, नकाशाच्या जागी. मुलुंडच्या पूर्वेला मिठागरे आहेत आणि खाडीच्या चिखलात थंडीत रोहित पक्षी उतरतात, म्हणजे समुद्राचे एक टोक आमच्या दाराशीच होते. तिथून भांडुप, कांजूरमार्ग, पवईचा तलाव करीत आम्ही साष्टी आडवी ओलांडली. “बेट ओलांडायला दीड तास लागला,” कन्या म्हणाली. “त्यातलं बेट अर्ध्या तासाचं, सिग्नल एक तासाचे,” हिने दुरुस्ती केली.

मालाड स्टेशनापासून मढच्या धक्क्यापर्यंतचा रस्ता जेमतेम बारा-तेरा किलोमीटरचा. पण त्याचे दोन स्वभाव आहेत. पहिला निम्मा ऑर्लेम, खारोडी, मालवणी असा दुकाने, रिक्षा, शाळा आणि भाजीवाले यांच्या गर्दीतून जातो. मग नौदलाच्या ‘हमला’ तळाची भिंत लागते, आणि मार्व्याच्या अलीकडे रस्ता डावीकडे वळला की हवा बदलते. खिडकीतून खारा, किंचित कुजकट वास आत येतो. तो तिवरांचा. खाडीच्या चिखलात उभी राहिलेली, मुळांची टोके श्वासासाठी वर काढणारी ती झाडे रस्त्याच्या कडेपर्यंत येतात. आईने काच खाली केली आणि मोठा श्वास घेतला. तिचे माहेर गुहागरचे. “भरती आहे,” ती म्हणाली. आणि ते पाणी न बघता म्हणाली.

मग वळणे सुरू झाली. एका वळणावर माडांच्या फटीतून समुद्र चमकतो, दुसऱ्या वळणावर कुणाच्या परसातली केळ समोर येते, तिसऱ्यावर एखादा क्रूस, त्याला झेंडूचा हार. आक्सा येते. इथली वाळू फार सुंदर आणि समुद्र फार फसवा. पायाखालची वाळू सरकते आणि पोहणारे ओढले जातात. कितीतरी तरुण मुले इथे बुडाली आहेत, म्हणून जागोजाग सूचना लावल्या आहेत. पुढे दानापानी, मग एरंगळ. इथे समुद्राकडे तोंड करून सेंट बोनाव्हेंचरचे देऊळ उभे आहे. पोर्तुगीज काळात, १५७५ साली, फ्रान्सिस्कन साधूंनी ते बांधले. जानेवारीतल्या दुसऱ्या रविवारी इथे जत्रा भरते. ईस्ट इंडियन आणि कोळी कुटुंबे लांबलांबच्या गावांहून येतात. पूर्वी बैलगाड्या जुंपून येत. आम्ही गेलो तेव्हा अंगण रिकामे होते. एक म्हातारा पायरीवर बसून जाळे विणीत होता आणि मागे लाटांचा आवाज चालला होता.

“माकोंदेपेक्षा काही वाईट नाही हं, बाबा,” कन्या म्हणाली. मी गाडी चालवत होतो, तरी माझी छाती फुगली. जणू हा रस्ता मीच आखला होता!

“आपल्या सरकारला सरळ रस्ता का करता आला नाही?” हिने विचारले. आईने तिला समजावले, की सपाट माळावर रस्ता माणूस आखतो, किनाऱ्यावर तो पाणी आखते. चिखल टाळायचा, खाडीचे तोंड टाळायचे, कुणाची वाडी, कुणाचे देऊळ, कुणाचे दफन टाळायचे. उरते त्याला रस्ता म्हणायचे. मला हे उत्तर इतके आवडले, की पुढच्या वळणांवर मी मुद्दाम गाडी सावकाश घेतली. मागच्या रिक्षावाल्याला मात्र ते आवडले नसावे.

टोकाला मढचा किल्ला आहे. पोर्तुगिजांनी बांधलेला. १७३७ साली मराठ्यांनी ठाणे घेतले आणि १७३९ साली वसईबरोबर हाही किल्ला घेतला. पुढे १७७४ च्या अखेरीस साष्टी इंग्रजांकडे गेली. आज तो हवाई दलाच्या ताब्यात आहे. सिनेमावाल्यांना त्याच्या भिंती पाठ आहेत. आम्ही त्या बाहेरूनच पाहिल्या. जवळच किल्लेश्वराचे देऊळ आहे. तिथे आईने बाहेरूनच हात जोडले आणि म्हणाली, “आता कोळीवाडा.”

कोळीवाड्यात वलांड्या उभ्या होत्या. वलांडी म्हणजे बांबूंचा उंच सांगाडा, त्याला आडव्या दोऱ्या. ओल्या बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून जोड्या त्या दोऱ्यांवर टाकतात. वाऱ्यावर ती चंदेरी झालर हलत होती. एक साठीची बाई खाली जवळा पसरत होती. आईने तिच्याशी बोंबलाच्या भावापासून सुरुवात केली आणि पाच मिनिटांत दोघी एकमेकींच्या औषधांपर्यंत पोहोचल्या.

मी मध्येच म्हणालो, “मावशी, तुमचा रस्ता फार सुंदर आहे हो!”

तिने माझ्याकडे पाहिले. “रस्ता बरा हाय,” ती म्हणाली, “फिरायला येतं त्याला.”

मग तिने हात लांब केला. समोर, मालाडच्या खाडीच्या मुखापलीकडे, वेसाव्याच्या इमारती दिसत होत्या. इतक्या जवळ, की गच्चीवर वाळत घातलेले कपडे ओळखू यावेत. तरीने पाच मिनिटे. रस्त्याने वीस-बावीस किलोमीटर. तिच्या नवऱ्याला एका रात्री दोन वाजता छातीत दुखू लागले. तेवढ्या रात्री तर कुठली? होडी काढायची, तर ओहोटी लागलेली. शेजाऱ्याच्या टेंपोतून मालाडकडे निघाले. “तो रस्ता वळतो किती, ते त्या राती समजलं,” ती म्हणाली. एरंगळपर्यंत तो बोलत होता. आक्सा गेल्यावर बोलेनासा झाला.

महापालिकेने मढ ते वेसावे पूल बांधायचे ठरवले आहे, हे मी वर्तमानपत्रात वाचले होते. आणि वर्गात विद्यार्थ्यांपुढे तिवरांच्या कत्तलीवर चार जळजळीत वाक्येही बोललो होतो. तिला पुलाबद्दल विचारले. “तिवर आमचीच माय हाय,” ती म्हणाली. “तिच्या पोटात मासळी वाढते. ती तुटली तर आमचं पोट तुटतं. पन पूल पायजेल.” मग ती पुन्हा जवळा पसरू लागली.

परतायची वेळ झाली तशी आईने हट्ट धरला, की तिला तरीतून जायचे आहे. लहानपणी दाभोळच्या खाडीत ती तरीत बसे. हिने नको म्हटले, मी नको म्हटले, औषधांची पिशवीसुद्धा नको म्हणत असावी. पण चौथीचा वर्ग चाळीस वर्षे सांभाळलेल्या बाईपुढे आमचे काय चालणार? शेवटी आजी आणि नात तरीत बसल्या. दुचाक्या, टोपल्या, शाळकरी मुले यांच्या गर्दीत आईचे पांढरे डोके लहान होत गेले. आम्ही दोघे गाडीने निघालो. वेसाव्याला भेटायचे ठरले.

आम्ही मढचा बाजार ओलांडतो न ओलांडतो, तोच कन्येचा फोन आला. “बाबा, आम्ही पोचलो. पण आजीला गरगरतंय. घाम आलाय. तुम्ही कुठे आहात?”

औषधांची पिशवी आमच्याकडे होती.

वाचकहो, सकाळी ज्या वळणांचे मी कौतुक केले होते, ती तीच वळणे होती. माडांमागे समुद्र तसाच चमकत होता. सूर्य मावळतीला आला होता, म्हणजे खरे तर अधिकच सुंदर दिसत असला पाहिजे. मी तो पाहिला नाही. एरंगळच्या वळणावर समोरून बस आली आणि दोन्हीकडच्या गाड्या थांबल्या. आक्साला रविवारची गर्दी घरी परतत होती. तिथे आम्ही पंचवीस मिनिटे जागच्या जागी उभे होतो. पुढे आणखी एक वळण, त्यापुढे आणखी एक. ही मागे फोनवर कन्येला सांगत होती, “तिला आडवी कर, पाणी दे, डॉक्टर कुठे आहे ते विचार.” मी स्टिअरिंगवर हात मारला आणि मोठ्याने म्हणालो, “हा रस्ता सरळ का करीत नाहीत?” हिने उत्तर दिले नाही. सकाळी तोच प्रश्न तिने विचारला होता.

मालवणी, लिंक रोड, ओशिवरा, यारी रोड. वेसाव्याला पोचायला दीड तास लागला.

धक्क्याजवळच्या एका कोळणीच्या ओटीवर आई बसली होती. हातात चहाचा कप, समोर बशीत बटर. सकाळी उत्साहाच्या भरात तिने साखरेची गोळी घेतली आणि मढला गप्पांत काही खाल्लेच नाही, एवढाच प्रकार होता. घरातल्या मुलीने लगेच साखरपाणी दिले, शेजारचा डॉक्टर येऊन नाडी पाहून गेला होता. “किती वेळ लावलात!” आई म्हणाली. “आम्ही तर केव्हाच आलो.”

मला बोलता येईना. मी तिच्या पायाशी ओटीवर बसलो. पाण्यापलीकडे मढचे दिवे लागत होते. तो पलीकडचा काठ हाताच्या अंतरावर होता आणि तिथल्या वलांडीखालच्या बाईचे बोलणे मला आता कुठे ऐकू येत होते.

परतताना बराच वेळ गाडीत कोणी बोलले नाही. पवईच्या आसपास आई म्हणाली, “बेट म्हणजे चहूबाजूंनी पाण्यानं वेढलेला जमिनीचा भाग. इतकी वर्षं पोरांकडून पाठ करून घेतलं. पण पाणी आडवं आलं की माणसांनी काय करायचं, हा प्रश्न एकानंही विचारला नाही.”

“आणि तू?” मी विचारले.

“मीही नाही सांगितलं,” ती म्हणाली. “अभ्यासक्रमात नव्हतं.”

तिवरांवरची चार जळजळीत वाक्ये मी अजून वर्गात बोलतो. ती खोटी नाहीत. पण त्यांच्यानंतर आता मी त्या रात्रीच्या टेंपोची गोष्टही सांगतो, आणि तास तिथेच संपवतो.

कन्येने कपाटाच्या दारावर नवे चित्र लावले आहे. एरंगळच्या वळणाचे, सकाळी काढलेले. खाली तिने पेन्सिलीने साष्टीचा नकाशा काढला आहे. त्यात मढ आणि वेसावे यांच्यामध्ये एक बारीकशी तुटक रेघ आहे. ती तरीची की पुलाची, ते मी तिला अजून विचारलेले नाही.