पुरेल का?

"मुली सरळ बोलत नाहीत" हे वाक्य बॉईज होस्टेलला आठवड्यातून एकदा तरी ऐकू येतं म्हणे. आणि "मुलं ऐकतच नाहीत" हे आमच्या एल.एच.चं घोषवाक्य.

आमचा फायनल इयरचा ग्रुप म्हणजे तीन मुलं, दोन मुली आणि एक रोबो. मोटर ड्रायव्हर निवडताना मी म्हटलं, "अरे, एल२९३डी पुरेल का?" त्या चिपला एका चॅनलवर सलग ६०० मिलिअँपिअरच झेपतात आणि आमची मोटर अडली की एक अँपिअरच्या वर खेचते. दोन्ही आकडे माझ्या वहीत होते. म्हणजे मी विचारत नव्हते, सांगत होते! उत्तर आलं, "पुरतंय गं, टेन्शन नको घेऊ." दोन आठवड्यांनी रोबो हातभर चालायचा, चिप तापून बंद पडायची, गार झाली की पुन्हा हातभर.

बायका विधानालाही प्रश्नाची शेपटी लावतात, असं रॉबिन लेकॉफ यांनी १९७५ सालीच लिहून ठेवलंय. पण १९८० मध्ये ओबार आणि अ‍ॅटकिन्स यांनी अमेरिकन कोर्टातल्या साक्षी तपासल्या, तेव्हा असं चाचरत बोलणं बाई-पुरुषापेक्षा माणसाच्या वजनावर जास्त अवलंबून दिसलं. मला हे लगेच पटलं. कारण "पुरतंय गं" म्हणणारा हाच वीर गाईडच्या गणितातली चूक स्पष्ट दिसत असताना म्हणतो, "सर, इथे मायनस येईल का?"

आता ग्रुपमधलं वजन कुठे ठरतं? टपरीवर, रात्री अकराला. आमचं गेट नऊला बंद. (रेक्टर मॅडम हे वाचतीलच. असो.) सकाळी कळायचं, "ठरलंय." ठरलेल्या गोष्टीला विरोध करायचा तर तोंडातून "पुरेल का"च निघतं.

शेवटी मी त्याला सरळ विचारलं, "त्या दिवशी तुला नक्की काय ऐकू आलं?"

"वाटलं, तुला माहीत नाही. ठाम बोलली असतीस तर डेटाशीट उघडली असती ना!"

"आणि ठाम बोलले असते, तर 'जाम शायनिंग मारते' कोण म्हणालं असतं?"

तो बराच वेळ सोल्डरिंग गनकडे बघत राहिला. मग म्हणाला, "मीच."

या "मीच"बद्दल त्याला मनापासून मार्क द्यायला हवेत. त्यानंतर ठरलं, की साडेआठनंतरचा कुठलाही निर्णय दुसऱ्या दिवशी पाचही जणांसमोर पुन्हा मांडायचा. आणि कुणीही "पुरेल का?" म्हटलं, की "पुरतंय" न म्हणता आधी विचारायचं, "तुझा आकडा काय?" पहिल्याच दिवशी कळलं, की आमच्यातला सगळ्यात अबोल मुलगा महिनाभर बॅटरीबद्दल "चालेल ना?" असंच विचारत होता.

आता दोन अँपिअरचा एल२९८ बसवलाय. रोबो थांबत नाही, फक्त डावीकडे जरा ओढतो. त्यावर उद्या पाच वाजता, लायब्ररीत.