थंड नव्हे, स्थिर

कोलशेतमध्ये मे महिन्याच्या दुपारी घरांवरचे पत्रे कडकड वाजतात. ऊन चढलं की पत्रा वाढतो, संध्याकाळी आक्रसतो. हे पोरांना शिकवावं लागत नाही. पण याच कारणामुळे दुसऱ्या ताऱ्याभोवतीचा ग्रह शोधताना आपली फसगत होऊ शकते, असं सांगितलं की ती हसतात.

असे ग्रह थेट क्वचितच दिसतात. ग्रह आपल्या ताऱ्याला किंचित ओढतो, तारा डुलतो आणि त्याच्या वर्णपटातल्या काळ्या रेषा जराशा सरकतात. गुरूमुळे सूर्य सेकंदाला साधारण 12.5 मीटर वेगाने डुलतो, पृथ्वीमुळे फक्त 9 सेंटीमीटर. 1 मीटर वेगाला रेषा कॅमेऱ्याच्या एका पिक्सेलच्या जवळपास हजाराव्या भागाइतकीच सरकते. यंत्र थोडं तापून वाढलं तरी तेवढा फरक पडतो. मग हललं कोण, तारा की यंत्र?

अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेचा ‘पारस’ हा स्पेक्ट्रोग्राफ 2012 पासून माउंट अबूच्या गुरुशिखरावर 1.2 मीटरच्या दुर्बिणीला जोडलेला आहे. पण तो दुर्बिणीवर टांगलेला नाही. प्रकाश ऑप्टिकल फायबरमधून बंद खोलीत येतो. तिथे यंत्र निर्वात टाकीत असतं आणि तापमान अंशाच्या शंभराव्या भागापर्यंत सांभाळलं जातं. शिवाय ताऱ्यासोबत एका दिव्याचा प्रकाशही नोंदतात. दिव्याच्या रेषा सरकल्या, तर हललं ते यंत्र. 2018 मध्ये अभिजित चक्रवर्ती यांच्या गटाने ‘पारस’च्या मदतीने सुमारे 600 प्रकाशवर्षांवरच्या ग्रहाचं वजन काढलं. ते पृथ्वीच्या सुमारे 27 पट आहे आणि त्याचं वर्ष साडेएकोणीस दिवसांचं.

“टीचर, म्हणजे एसी लावून गार करतात?” आठवीतल्या एकीने विचारलं. मी भाषा शिकवते, म्हणून शब्दापासूनच सुरुवात केली. गार करणं वेगळं, स्थिर ठेवणं वेगळं. खोली उबदार असली तरी चालेल, डळमळता कामा नये. उर्दूत ‘इस्तिकामत’ म्हणतात, म्हणजे ऊन असो वा थंडी, जागेवर टिकून राहणं. मुलींना हा शब्द खुतब्यातून, घरातल्या बोलण्यातून माहीत होता. यंत्रालाही तो लागतो, याचं त्यांना नवल वाटलं.

मोबाइलवर एखादा मेसेज येतो आणि दहा मिनिटांत अख्खा मोहल्ला तापतो, कधी आपला, कधी शेजारचा. अशा वेळी मी मुलींना त्या दिव्याची आठवण करून देते. आधी दिव्याच्या रेषा बघा, मग ताऱ्याबद्दल बोला. तहकीक म्हणतात ती हीच.