तेरडा, पण कोणता?

मुलांनो, भाद्रपदात चौथीचा वर्ग घेऊन मी रत्नागिरीच्या सड्यावर गेले होते. गुलाबी फूल, मागे बारीक वाकडी शेपटी, तिच्यात मध. "तेरडा!" मी ऐटीत सांगितलं.

"पण बाई, आमच्या परसातल्या तेरड्याची पानं एकाआड एक असतात. ह्याची समोरासमोर आहेत," एक मुलगी हळूच म्हणाली.

वाकून पाहिलं. खरंच की! माझी कानशिलं तापली. घरी येऊन पुस्तक काढलं. तेरड्याच्याच कुळातली, पण निराळी जात, इम्पेशन्स मायनर. (पिकलेलं बोंड मात्र दोघांचंही बोटात फटकन फुटतं.) बारा पावसाळे मी चुकीचं शिकवत होते!

दुसऱ्या दिवशी फळ्यावरच्या रानफुलांच्या यादीतलं 'तेरडा' पुसलं आणि खडू तिच्या हातात दिला.