आजोबांचे घड्याळ

धरमतरच्या खाडीकाठी आमचे डोलवी गाव. आज गावाचा दिवस पोलाद कारखान्याच्या पाळ्यांवर चालतो. माझ्या आजोबांच्या काळी तो धरमतर बंदराला लागणाऱ्या आगबोटीवर चाले. आजोबा त्या बंदरावर कारकून होते. त्यांच्या कोटाच्या खिशात चांदीच्या डबीचे, झाकण असलेले घड्याळ असे. कोणी वेळ विचारली की ते उलट विचारीत, "कोणती सांगू? मुंबईची की स्टँडर्ड?" ही केवळ थट्टा नव्हती. १९०६ साली देशात एकच प्रमाणवेळ सुरू झाली, तरी मुंबई शहराने आपली ३९ मिनिटे मागे असलेली जुनी वेळ १९५५ पर्यंत पुरती सोडली नव्हती.

आजोबांच्या मागे माझे वडील रोज रात्री निजण्यापूर्वी त्या घड्याळाला किल्ली देत. वडील गेल्यावर ते माझ्याकडे आले. मी ते रेशमी रुमालात गुंडाळून पेटीत ठेवले. दसऱ्याला त्याची पूजा करी. किल्ली द्यावयाचे मात्र राहून जाई. अशी कितीतरी वर्षे गेली. एका दसऱ्याला सहज किल्ली फिरवली, तर घड्याळ मुकेच!

माझा पुतण्या जवळच उभा होता. तो म्हणाला, "काका, हे मनगटावर बांधता येईल. मला द्याल?"

मी रागावलो. "आजोबांची वस्तू मोडायची?"

"पण काका, ते चालते आहे कुठे?"

यावर मला उत्तर सुचले नाही. जन्मभर मुलांना 'वेळेचे महत्त्व' या विषयावर निबंध लिहावयास सांगणारा मी, आणि माझ्याच पेटीत वेळ बंद पडली होती!

आम्ही पेणला एका वृद्ध घड्याळजींकडे गेलो. डोळ्याला भिंग लावून त्यांनी यंत्र उघडले. "मोडलेले काही नाही. तेल वाळले आहे," ते म्हणाले. मनगटाची गोष्ट काढताच ते हसले. ही काही नवी टूम नव्हे. १९१४ ते १९१८ च्या महायुद्धात सैनिकांना खिशात हात घालण्याचीही सवड नसे; तेव्हा खिशातल्या लहान घड्याळांना तारेचे कान जोडून ती मनगटावर आली. आमचे घड्याळ झाकणाचे, म्हणून किल्ली तीनच्या आकड्याशी आणि सेकंदकाटा सहाच्या जागी; मनगटाला हवी तशीच ही रचना. बिनझाकणाच्या घड्याळात किल्ली बाराच्या डोक्यावर असते. ते आडवे फिरवले की आकडेही फिरतात आणि तबकडी नवी करावी लागते.

"परंतु," घड्याळजी म्हणाले, "या डबीला कान जोडायचे तर ती विस्तवाजवळ न्यावी लागेल. मागे कोरलेले हे नाव राहीलच असे नाही. त्यापेक्षा यंत्र पोलादी डबीत बसवू. चांदीची डबी आहे तशी राहील."

नाव आजोबांचे होते. मी क्षणभर थांबलो, आणि मग "बसवा," म्हणालो.

महिन्याने घड्याळ चालू झाले. सेकंदाला पाच ठोके, अगदी पूर्वीसारखे. घड्याळजींनी पुतण्याला बजावले, "याला धक्का सोसत नाही, पाणी तर मुळीच नाही. आणि किल्ली रोज द्यायची." तो ते कटाक्षाने पाळतो. कामावर जाताना घड्याळ घरी ठेवतो. सुटीच्या दिवशी मनगटावर बांधतो.

रिकामी डबी माझ्या पेटीत आहे. प्रथम ती हातात घेतली तेव्हा तिच्या हलकेपणाने जीव चरकला. आता तसे वाटत नाही. जपणे आणि कोंडून ठेवणे यांतला भेद मला फार उशिरा कळला, पण कळला.

वय झालेले ते घड्याळ दिवसाकाठी दोन-तीन मिनिटे मागे पडते. परवा मी वेळ विचारली, तेव्हा पुतण्या मनगटाकडे पाहत म्हणाला, "कोणती सांगू, काका? पणजोबांची की मोबाइलची?"


मी म्हणालो, "पणजोबांचीच सांग."