क्षार कोणता, मराठीतला की कन्नडमधला?

यंदा जूनमध्ये भालकी तालुक्यातल्या एका मराठी माध्यमाच्या हायस्कूलमध्ये मी विज्ञानाची शिक्षिका म्हणून रुजू झाले. माझं माहेर उदगीर, सासर भालकी. १९५६ पर्यंत दोन्ही गावं बिदर जिल्ह्यातच होती. राज्य पुनर्रचनेत उदगीर मुंबई राज्यात गेलं, भालकी म्हैसूर राज्यात. सोयरिकी मात्र चालूच राहिल्या, त्यामुळे आमच्या घरात निम्मी बोलणी मराठीत, निम्मी कन्नडमध्ये.

बी.एड.ला असताना ‘विद्यार्थ्यांना शिकायला मदत कशी कराल?’ या प्रश्नावर मी पानंच्या पानं लिहिली होती. तक्ते, प्रतिकृती, गटकार्य, सगळं होतं त्यात. मूल कोणत्या भाषेतून वर्गात येतं, याबद्दल कुणी विचारलंच नव्हतं.

पहिल्या चाचणीत दहावीच्या एका मुलीनं लिहिलं, ‘आम्ल आणि क्षार एकत्र आले की लवण आणि पाणी तयार होते.’ मराठी परिभाषेप्रमाणे उत्तर चूक. आम्ल आणि आम्लारी यांच्यापासून क्षार आणि पाणी तयार होतं. पण ही मुलगी सातवीपर्यंत कन्नड शाळेत होती, नंतर आजोळी राहायला आली. कन्नडमध्ये आम्लारीला म्हणतात प्रत्याम्ल, पाण्यात विरघळणाऱ्या प्रत्याम्लाला क्षार आणि आपल्या मराठी क्षाराला लवण. म्हणजे कन्नडमध्ये तिचं वाक्य अगदी बरोबर! आपल्या दुभाषी घरांना यात नवल वाटू नये. ‘खारा’ म्हटलं की मराठी माणसाला मीठ आठवतं आणि कन्नड माणसाला मिरची. पाहुण्यांच्या पंगतीत यावरून किती हसणं झालंय!

मी तिला पूर्ण गुण दिले आणि खाली मराठी शब्द लिहून दिले. आमच्या एका ज्येष्ठ सरांना ते पटलं नाही. ‘मॅडम, एसएसएलसीचा पेपर तुम्ही तपासणार नाही,’ ते म्हणाले. त्यांचं म्हणणं खरंच आहे. म्हणून शब्द घोकून घ्यावेत, हे मात्र मला पटत नाही. आधी वस्तू हाताखालून जावी, मग तिची नावं.

दुसऱ्या दिवशी घरून हळद, चुन्याची निवळी, मीठ आणि लिंबू नेलं. हळदीच्या पाण्यात बुडवून वाळवलेल्या कागदाच्या पट्ट्या केल्या. निवळीचा थेंब पडताच पट्टी लाल झाली, त्यावर लिंबू पिळल्यावर पुन्हा पिवळी. मिठाच्या पाण्यानं काहीच झालं नाही. ती मुलगी एरवी शेवटच्या बाकावर गप्प असते. त्या दिवशी दोन्ही पट्ट्या हातात धरून म्हणाली, ‘बाई, हा लाल झालेला कन्नडमधला क्षार, आणि हा पिवळाच राहिला तो मराठीतला.’ (निवळी डोळ्यांत जाऊ देऊ नका, घरी करून बघणार असाल तर.)

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ डेव्हिड ऑसुबेल यांनी १९६८ साली लिहिलं होतं की, मुलाला आधीपासून काय येतं ते शोधा आणि तिथून शिकवायला लागा. आपल्या भागात ‘आधीपासून येतं’ ते दोन भाषांत असतं. बिदरी कामाचंच बघा. जस्त आणि थोडं तांबं यांच्या मिश्रधातूवर चांदी जडवतात. मग किल्ल्याची माती आणि नवसागर कालवून, तापवलेल्या भांड्यावर चोळतात. मिश्रधातू काळा पडतो, चांदी तशीच चमकत राहते. नवसागराला मराठी पुस्तक क्षार म्हणेल, कन्नड पुस्तक लवण. कारागिराच्या हाताला दोन्ही सारखेच.

आता त्या मुलीनं वहीत तीन रकाने आखलेत: मराठी, कन्नड, इंग्रजी. तिसरा रकाना गरजेचा आहे, कारण पीयूसीला विज्ञान इंग्रजीतूनच शिकावं लागतं आणि दहावीला चांगले गुण असलेली कितीतरी मुलं त्या भीतीनं विज्ञानाची वाट सोडतात. तिचे वडील मला भेटले तेव्हा म्हणाले, ‘बाई, पोरगी हुशार हाय, पण पुढं समदं इंग्रजीत. झेपंल का तिला?’ मी वही दाखवली. त्यांनी शांतपणे पानं उलटली आणि ‘निकाल लागू द्या, मग बघू,’ म्हणाले. अजून होकार नाही.

सध्या आम्ही विजेच्या धड्यावर आहोत. तिथे ‘शक्ती’ आडवी आलीय. मराठीत शक्ती म्हणजे पॉवर. कन्नडमध्ये शक्ती म्हणजे एनर्जी, आपली ऊर्जा. पॉवरला ते सामर्थ्य म्हणतात. काल तिनं विचारलं, ‘बाई, घरच्या मीटरवरचं युनिट शक्तीचं की ऊर्जेचं?’ मी अख्ख्या वर्गाला घरचं वीजबिल घेऊन यायला सांगितलंय.